वजा झालेला उजेड

एखादी गोष्ट खरी असावी असं तुम्हाला मनापासून वाटत होतं, आणि केवळ तेवढ्यावर तुम्ही ती चारचौघांत ठासून सांगितलीत, असं तुमच्या हातून शेवटचं कधी झालं?

माझ्या हातून ते गेल्या वर्षी झालं. एका रविवारी दुपारी, भरल्या सभागृहात, हातात माइक असताना. टाळ्याही मिळाल्या.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले होते. असलं लिखाण निवृत्त माणसांनी करायचं असतं. मी एकतीस वर्षांची आहे, या नोकरीला सहा वर्षं झाली आहेत आणि माझा सिंगापूरचा कामाचा परवाना, म्हणजे पास, अजून दर वेळी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. पण त्या रविवारच्या सभेत जे बसले होते त्यांतल्या बहुतेकांच्या घरी हा अंक येतो. म्हणून लिहितेय.

काम काय ते आधी सांगते. मी इथल्या एका विद्यापीठात खगोलशास्त्रज्ञांच्या गटासाठी सॉफ्टवेअर लिहिते. दुर्बिणीतून आलेले कच्चे फोटो माझ्या प्रोग्रॅममधून जातात आणि दुसऱ्या टोकाला आकडे बाहेर पडतात: अमुक तारखेला अमुक ठिपका इतका तेजस्वी होता. शास्त्रज्ञ त्या आकड्यांवर विचार करतात. मी शास्त्रज्ञ नाही. मी गाळणी बनवते.

दुर्बिणी अर्थातच सिंगापुरात नाहीत. इथे ढग नसतील तेव्हा दिव्यांचा झगमगाट असतो, आणि झगमगाट कमी वाटावा इतका अंधार मी या बेटावर पाहिलेला नाही. आमच्या दुर्बिणी चिलीत. तिथे रात्र असते तेव्हा इथे दिवस असतो, त्यामुळे मी तारे बघते ते सकाळी साडेनऊला, कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, ग्लास शेजारी ठेवून, एअरकॉनमध्ये स्वेटर घालून. मी चोआ चू कांगला ज्या आंटींच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते, त्यांना हे पटवणं मला आजवर जमलेलं नाही.

“दुर्बीण कुठे आहे तुझी?” त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं.

“चिलीत.”

“तू गेलीस कधी तिथे?”

“नाही.”

“मग तारे कधी बघतेस?”

“दिवसा.”

मी कॉल सेंटरमध्ये आहे आणि सांगायला लाजते, अशी आंटींची तेव्हापासून खात्री आहे. शेजारणीला त्या, इथल्या सवयीने वाक्याला ‘ला’ जोडत, सांगतात, “चांगली मुलगी आहे ला, भाडं वेळेवर देते, कशाला उगाच विचारायचं.”

आता ठिपक्यांबद्दल. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो आणि त्याचा स्फोट होतो, त्याला सुपरनोव्हा म्हणतात, हे पुष्कळांना माहीत असतं. यांतले काही थोडे स्फोट विलक्षण तेजस्वी असतात. साध्या सुपरनोव्हाच्या दहापट, कधी कधी शंभरपट. साधा स्फोट दोन-तीन आठवड्यांत शिखर गाठतो आणि काही महिन्यांत मावळतो. हे महिनाभर, कधी त्याहून जास्त चढत राहतात आणि मावळायला घाई करत नाहीत. प्रश्न साधा आहे: एवढा उजेड येतो कशातून?

पहिलं उत्तर जुनं आहे. साध्या सुपरनोव्हात स्फोटात तयार झालेलं किरणोत्सर्गी निकेल हळूहळू विघटित होतं आणि त्याची ऊर्जा बाहेरच्या मलब्याला तापवत ठेवते. पण या प्रचंड तेजस्वी स्फोटांसाठी तोच हिशेब मांडला तर पुष्कळदा इतकं निकेल लागतं की ते उडालेल्या सगळ्या मलब्याहून जास्त भरतं. लाडवाच्या वजनापेक्षा त्यातला गूळ जास्त. असा लाडू वळता येत नाही.

दुसरं उत्तर टकरीचं. मरण्याआधी ताऱ्याने आपली बाहेरची कवचं टाकून दिलेली असतात. मग स्फोट होतो, आणि सुसाट निघालेला मलबा त्या आधी टाकलेल्या कवचावर आदळतो. गतीची उष्णता होते, उष्णतेचा उजेड.

तिसरं उत्तर आतल्या इंजिनाचं. तारा कोसळला की मध्ये एक न्यूट्रॉन तारा उरतो. वस्तुमान सूर्याहून जास्त, आणि आकार एवढासा की सिंगापूरच्या बेटात आडवा-उभा मावेल. तो सेकंदाला शेकडो वेळा गरगरत असेल आणि त्याचं चुंबकत्व अफाट असेल, तर त्याला मॅग्नेटार म्हणतात. तो चुंबकत्वामुळे मंदावत जातो, आणि मंदावताना गेलेली फिरण्याची ऊर्जा भोवतीच्या मलब्याला आतून तापवते. त्याला आपण सहसा पाहू शकत नाही. बाहेरचा उजेड बघून तो आत आहे असं म्हणायचं.

मला तिसरं उत्तर आवडत नसे. याचं कारण विज्ञानात नव्हतं.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. घडी घालून देण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि घडी घालता घालता मी मोठ्याने वाचत असे: कुणाच्या घामावर कुणाचे इमले? पत्रकाचं वळण हाडात मुरलं. वाक्य छोटं. शत्रू एक. ‘कदाचित’ हा शब्द पत्रकात नसतो. शिवाय घरात पक्कं शिकवलेलं होतं, की जे दिसत नाही आणि सगळं चालवतं असं कुणी सांगू लागलं, तर आधी त्याला पुरावा मागायचा.

म्हणून टकरीचं उत्तर मला आपलं वाटे. आत लपलेला चालवणारा कुणी नाही. जे टाकून दिलं गेलं, त्याच्यावरच आदळून उजेड पडला. यात मला न्याय दिसायचा. ताऱ्यांत न्याय शोधणारी मी एकटीच नसेन, पण आपण तेच करतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या गटात वेई लिंग नावाची पीएचडीची विद्यार्थिनी होती. इथल्याच यिशुन भागातली, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बोलायला तिखट. चार वर्षं ती एकाच स्फोटाच्या मागे होती. त्याला अधिकृत नाव अक्षरं-आकड्यांचं. तिने त्याला दुरियन, म्हणजे इथल्या काटेरी फळाचं नाव, म्हणायला सुरुवात केली, कारण त्याच्या उजेडाचा आलेख उतरताना मध्येच दोनदा टोकं काढून वर आला होता. दुरियन कशावर जळतो, हाच तिच्या प्रबंधाचा कणा.

असला प्रश्न शेपटीवर सुटतो. आलेखाच्या शिखरापाशी तिन्ही उत्तरं थोड्याफार ओढाताणीने बसवता येतात. पुढे, वर्षभरानंतर, उजेड क्षीण झाल्यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आत इंजिन असेल तर शेपटी लांबते, हळूहळू उतरते. टक्कर असेल आणि कवच संपलं असेल, तर उजेड एकदम कोसळतो. दुरियनची शेपटी कोसळलेली होती. कात्रीने कापल्यासारखी. वेई लिंगने ते लिहिलं, आमचा लेख छापून आला, त्यात तिचं नाव पहिलं आणि माझं तिसरं. प्रबंधही तिने सादर केला. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती आणि परदेशातल्या एका गटाने तिला, परीक्षा झाली की ये, असं सांगून ठेवलं होतं.

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळींनी माझं व्याख्यान ठेवलं. आलेख पडद्यावर दाखवून मी म्हणाले, “बघा, शेपटी तुटलेली आहे. आत कुणी बसलेलं नाही. ज्यांना प्रत्येक उजेडामागे अदृश्य शक्ती लागते, त्यांनी हा आलेख घरी न्यावा.” लोकांनी खरोखरच मोबाइल वर करून फोटो काढले.

नंतर चहाच्या टेबलापाशी एक बाई आल्या. शोभाताई. साठीच्या पुढच्या, क्वीन्सटाउनला राहतात, एका इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. हातातला बटाटेवडा कागदात गुंडाळत त्या म्हणाल्या, “शलाका, तू ते म्हणालीस ना, आधीचा फोटो नंतरच्यातून वजा करतो, ते मला आवडलं. आम्ही तेच करायचो.”

वजाबाकीचं मी व्याख्यानात दोन वाक्यांत सांगितलं होतं. स्फोट कुठल्यातरी दीर्घिकेत होतो, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गर्दीत. फोटोत दीर्घिकेचा उजेड आणि स्फोटाचा उजेड एकमेकांत मिसळलेले येतात. म्हणून स्फोट नसतानाचा त्याच जागेचा एक कोरा फोटो घ्यायचा आणि तो प्रत्येक फोटोतून वजा करायचा. उरेल तो स्फोट.

“तुम्ही कशाचं करायचात?” मी विचारलं. जरा तोऱ्यातच विचारलं, हे कबूल करते.

“रक्तवाहिन्यांचं. आधी साधा फोटो, त्याला आम्ही मास्क म्हणायचो. मग शिरेत डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडायचा, पुन्हा फोटो. वजा केलं की हाडं-बिडं जातात, नुसत्या वाहिन्या उरतात. फक्त मास्क डाय जायच्या आधीचा हवा. नवीन मुलं घाई करायची. थोडा डाय गेलेला असतानाच मास्क घ्यायची. मग काय, भरलेली वाहिनी वजा होऊन रिकामी दिसायची. डॉक्टर म्हणायचे, ब्लॉक आहे. ब्लॉक कुठला, आमच्या पोराची घाई.” त्या हसल्या. “तुमचा मास्क आधीचाच असतो ना गं?”

“हो, हो,” मी म्हणाले. “कोराच असतो.”

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला बसायला जागा मिळाली, पण मी उभीच राहिले. कोरा असतो, हे मला कुठून माहीत होतं? मी तो निवडलेला नव्हता. निवडण्याचा नियम मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिला होता आणि त्यानंतर प्रोग्रॅम आपापला निवडत होता.

सोमवारी सकाळी फाइल उघडली. प्रत्येक फोटोच्या फाइलवर तो कधी काढला याची नोंद असते. दुरियनसाठी वापरलेला कोरा फोटो शिखरानंतर चौदा महिन्यांनी काढलेला होता.

माझा नियम असा होता: स्फोटाच्या आधीचा किंवा शिखरानंतर वर्ष उलटल्यावरचा, त्या जागेचा जो सगळ्यात स्वच्छ फोटो असेल तो घे. साध्या सुपरनोव्हाला हा नियम बरोबर आहे. वर्षभराने तो पुरता मावळलेला असतो. शेकडो स्फोट या गाळणीतून नीट गेले होते. पण दुरियन साधा नव्हता, आणि तो फार दूर होता. इतक्या दुरून येताना काळही ताणला जातो. आपल्याकडचे चौदा महिने म्हणजे त्याच्याकडचे नऊच. चौदा महिन्यांनी तो विझला नव्हता. मिणमिणत होता. आणि आम्ही तो मिणमिणता दुरियन कोरी जागा समजून दुरियनमधूनच वजा केला होता.

शिखरापाशी याने काही बिघडत नाही. भरल्या हंड्यातून वाटीभर पाणी काढलं तर कळत नाही. पण तळाशी वाटीभरच उरलेलं असेल, तर हंडा कोरडा दिसतो. शेपटी कापली होती ती माझ्या नियमाने.

खटकण्यासारखं होतं का? होतं. उजेड एवढा सरळ रेषेत शून्याला जाऊन भिडतो, याचा मला वेगळ्या निकालात संशय आला असता. समजा शेपटी लांब निघाली असती, इंजिन आहे असं दिसलं असतं, तर मी त्या दिवशी प्रत्येक फाइल उघडून बघितली असती. माझा स्वभाव मला माहीत आहे. नको असलेल्या उत्तराला मी पुरावा मागितला असता. हव्या असलेल्या उत्तराला मी व्याख्यानाला घेऊन गेले.

आता जे लिहायचं ते लिहायला अवघड जातंय. मी त्या सोमवारी कुणालाही काही सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. नऊ दिवस मी गप्प होते. त्या दिवसांत मी जुने, स्फोटाच्या आधीचे फोटो शोधले. एकच सापडला, तोही धूसर, ढगातून काढलेला; चौदा महिन्यांनंतरचा तर कुणी काढलाच नव्हता. त्याने वजाबाकी करून पाहिली, वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिली. आकडे डगमगत होते, पण शेपटी काही कापली जात नव्हती. टकरीचा निकाल वाचावा म्हणून मी एका संध्याकाळी आलेखातले दोन नकोसे ठिपके गाळून पाहिले. मग ते परत घातले. गाळले होते हे खरंच आहे.

दहाव्या दिवशी, बुधवारी, मी वेई लिंगला जेवायला बोलावलं. तिच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्वस्त टपऱ्यांच्या मंडपात. आमचं बोलणं इंग्रजीत होतं, म्हणजे इथल्या इंग्रजीत. मी ते मराठीत मांडते आहे.

मी सांगितलं. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

“नक्की तपासलंस, की नुसती शंका?”

“तपासलं.”

“किती दिवस माहीत आहे तुला?”

“नऊ.”

“नऊ.” तिने मान हलवली. “मी गेल्या मंगळवारी विचारलं होतं, तुझा चेहरा असा का. तू म्हणालीस एअरकॉन.”

“हो.”

“माझ्यासाठी थांबलीस असं मात्र म्हणू नकोस हां.”

“नाही म्हणणार.”

“मग कशासाठी थांबलीस?”

“निकाल वाचतो का बघत होते.”

“वाचला?”

“नाही.”

शेजारच्या टेबलावर एक आजोबा रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकत होते. वेई लिंगने त्यांच्याकडे बघत पुन्हा चॉपस्टिक्स उचलल्या. “खा,” ती म्हणाली. “गार नूडल्स वाईट लागतात ला.” आम्ही दोघींनी पूर्ण वाडगा संपवला. मग ती म्हणाली, “उद्या प्रोफेसरांकडे आपण दोघी जाऊ. बोलणार मी. तू आकडे दाखव.”

आमचे प्रोफेसर तान वाईट माणूस नाहीत. विद्यार्थी जेवणाचे डबे विसरले तर आठवण करून देणारे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “तोंडी परीक्षा दोन आठवड्यांवर आली आहे. ती होऊ दे. त्यानंतर दुरुस्ती छापू. दोन्ही गोष्टी करायच्याच आहेत. फक्त क्रम.”

मी त्या क्षणासाठी भाषण तयार करून गेले होते. त्यात सत्य होतं, जनतेचा विश्वास होता, वडिलांच्या पत्रकांतली दोन वाक्यंही होती. मी तोंड उघडण्याआधी वेई लिंग बोलली.

“प्रोफ, परीक्षक विचारतील शेपटी का तुटली. मी काय सांगू?”

“प्रबंधात लिहिलंय ते.”

“ते मंगळवारपर्यंत मला खरं वाटत होतं. आता नाही वाटत. मी तिथे उभी राहून ते कसं बोलणार?”

प्रोफेसरांनी चष्मा पुन्हा घातला. माझं भाषण माझ्याकडेच राहिलं. जिचं नुकसान होणार होतं तिनेच काम आटपलं होतं, आवाजही न चढवता.

नुकसान झालंच. तिने प्रबंध मागे घेतला. परदेशातल्या गटाने काही महिने वाट पाहिली, मग ती जागा दुसऱ्याला दिली. शिष्यवृत्तीची मुदत संपली. ती यिशुनच्या घरात शाळकरी मुलांच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेऊ लागली आणि उरलेल्या वेळात प्रबंध पुन्हा लिहू लागली. आमच्या लेखाची दुरुस्ती छापून आली. दुरुस्तीतही नावांचा क्रम मूळ लेखाचाच असतो. पहिलं नाव वेई लिंगचं.

मला मात्र काहीच झालं नाही. माझा पास वेळेवर मंजूर झाला.

मी शोभाताईंना भेटायला क्वीन्सटाउनला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडे मास्क चुकला तर पेशंट टेबलावरच असतो. श्वास रोखा म्हणायचं, दुसरा घ्यायचा. तुमचा पेशंट फार लांबचा. आता काय करणार?”

“थांबणार,” मी म्हणाले. “तो भाग सध्या सूर्याच्या बाजूला आहे, दिसत नाही. पुन्हा दिसायला लागला की नवा फोटो काढायचा. तोवर दुरियन नक्की विझलेला असेल.”

“मग थांबा. घाई करू नका आता.”

तो फोटो या वर्षी मिळाला. खरोखरचा कोरा. वेई लिंगने सगळी वजाबाकी पुन्हा केली आणि या वेळी माझ्या प्रत्येक नियमाची तारीख तिने स्वतः तपासली, माझ्या शेजारी बसून, एकेक ओळ. “हे का?” “हे कधी लिहिलंस?” “हे कुणी बघितलं होतं?” तीन दिवस चाललं. मला आजवर कुणी इतकं सोललं नव्हतं, आणि मी कुणाची इतकी ऋणी नव्हते.

शेपटी लांब निघाली. हळूहळू, रेंगाळत उतरणारी, आत काहीतरी मंदावत फिरत असावं तशी. मॅग्नेटारचं गणित तिच्यावर बरंच चांगलं बसतं. त्या दोन टोकांवर ते बसत नाही. तिथे मलबा कुठल्यातरी कवचावर आदळला असावा असं वेई लिंगला वाटतं. म्हणजे इंजिनही, आणि टक्करही. कदाचित. हा शब्द मी आता लिहू शकते. पत्रकात बसत नाही, पण आकाशाच्या बाबतीत तो टाळून चालत नाही.

इथे हा लेख संपायला हवा होता. तो संपत नाही, कारण गेल्या महिन्यात टेक्काच्या भाजीबाजारात मला आपल्यातलेच एक गृहस्थ भेटले. व्याख्यानाला आले होते. म्हणाले, “त्या तुमच्या चिनी मुलीने आकडे फिरवले होते म्हणे? ग्रुपवर वाचलं. बरं झालं तुम्ही पकडलंत. आपली माणसं या बाबतीत सचोटीची.”

दुरुस्तीतलं पहिलं नाव कुणीतरी वाचलं होतं आणि त्यावरून उरलेलं रचलं होतं. माझ्या हातात कोथिंबीर होती. मी “तसं नाही हो,” एवढंच पुटपुटले आणि पुढे गेले. तसं नाही, म्हणजे कसं, हे सांगायला मी थांबले नाही. नऊ दिवसांनंतर मी काही शिकले असेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर मलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात वेई लिंग सहज बोलल्यासारखं म्हणाली, “तुझ्या ओळखीच्या दोन मुलांनी ट्यूशन सोडली. फीचा प्रश्न असेल का?” ती दोन्ही मुलं मराठी होती. मीच पाठवली होती. मी एका आईला फोन केला. त्या अवघडून म्हणाल्या, “तसं काही नाही गं. पण मुलांना शिकवणारं माणूस प्रामाणिक असावं, असं ह्यांचं म्हणणं पडलं.”

त्या वेळी मात्र मी सगळं सांगितलं. मुलगा परत गेला नाही. आता दुसरे सर लावलेत म्हणाल्या.

मी ज्या सगळ्या माणसांना भेटले त्यांत स्वतःच्या नुकसानीत पाऊल घालून खरं बोललेलं माणूस ही एकच आहे. तिची तोंडी परीक्षा येत्या महिन्यात आहे. ती पास होईल, मला शंका नाही. पण ती याच शहरात राहते, याच शहरात शिकवते, आणि या शहरातल्या आपल्या पाच-सात ग्रुपवर ती आकडे फिरवणारी मुलगी आहे. हे तिला अजून माहीत नाही. हा अंक बाहेर पडायच्या आधी मी तिला सांगणार आहे.

म्हणून वाचणाऱ्याला एक काम देते. लेख आवडला-नावडला हे मला कळवू नका. वेई लिंगबद्दलचा तो मजकूर तुमच्या ज्या ग्रुपवर आला असेल, आणि तुम्ही जिथे जिथे पुढे पाठवला असेल, तिथे आज ही एक ओळ टाका: “चुकीचा फोटो निवडणारा नियम शलाकाने लिहिला होता, चूक कळल्यावर नऊ दिवस गप्पही तीच राहिली, वेई लिंगने कळताक्षणी आपला प्रबंध मागे घेतला.” कुणी विचारलं, तुम्हाला काय माहीत, तर माझं नाव सांगा. आणि तुमच्या घरात फिजिक्सला अडणारं मूल असेल, तर त्याला यिशुनला पाठवा.